दादाच्या वहीतला अधोरेखित आकडा

पत्र : माझा मोठा भाऊ जाऊन आठ महिने झाले. शाळेत असल्यापासून तो रात्र रात्र आकाश बघायचा. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू बघायला त्याने मला कितीदा उठवलं. मी दर वेळी ‘उद्या’ म्हणाले आणि शेवटपर्यंत गेलेच नाही. आता वहिनी त्याची दुर्बीण आणि सत्तावीस वह्या मला घेऊन जा म्हणतात. वह्यांत नुसते आकडे. एका पानावर ‘काक्षी १.६’ याखाली दोन रेघा मारल्यात. मला यातलं काही कळत नाही. कुठल्या तोंडाने घेऊ? भाचा त्याच्या नावाने एक तारा विकत घेऊ म्हणतो. आणि लोक ‘दादा तारा झाला’ म्हणाले की मला राग येतो.

उत्तर :

प्रिय ताई,

राग येऊ द्या. ज्याला तारे नावानिशी ओळखू येत होते, त्याच्या बहिणीला असं गुळगुळीत सांत्वन पुरणार नाहीच.

हेल-बॉप सुमारे अठरा महिने नुसत्या डोळ्यांना दिसत होता, तरी तुम्ही गच्चीवर गेला नाहीत. याला आळस म्हणतात, अपराध नव्हे. तो धूमकेतू आता दोन हजारांहून जास्त वर्षांनी येईल, तेव्हा त्या हिशेबाचं काही करता येणार नाही. पण दादा दर वेळी पुन्हा हाक मारत राहिला, हेही तुम्हीच लिहिलंय. रुसलेला माणूस दुसऱ्यांदा उठवायला येत नाही.

आता त्या दोन रेघा. काक्षी म्हणजे मृग नक्षत्रातला तांबूस तारा. आकडा त्याच्या तेजाचा, म्हणजे प्रतीचा. तो जितका मोठा, तितका तारा मंद. काक्षी एरवी ०.५ च्या आसपास असतो. २०१९ च्या अखेरीस तो उतरू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत गेला. नेहमीच्या तेजातलं जेमतेम एक-तृतीयांश उरलं. स्फोट होणार की काय, अशी जगभर चर्चा होती. नंतर कळलं, ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती. पानावरची तारीख बघा. ती त्या दिवसांतली असेल, तर त्या रेघा म्हणजे दादाचा आनंद आहे. तुम्ही ज्याला नुसते आकडे म्हणता, ती त्याची रोजनिशी आहे.

वह्या घ्या. मात्र कपाटात कोंडू नका. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची हौशी लोकांनी केलेली निरीक्षणं ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था १९११ पासून जगभरातून जमा करते. दादा तिथे पाठवत असेल, तर वहीत कुठेतरी त्याचा निरीक्षक-संकेत, म्हणजे काही अक्षरं, सापडतील. नसतील, तर पानांचे फोटो काढून एखाद्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या जाणत्या माणसाला दाखवा. दुर्बिणीचा आरसा मात्र कुणालाही फडक्याने पुसू देऊ नका. मायेपोटी पुसलेल्या आरशांवरच सगळ्यात जास्त ओरखडे असतात.

तारा विकत घेऊ नका. ताऱ्यांची नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो, आणि तो ती विकत नाही. प्रमाणपत्र सुंदर येईल, पण कुठल्याही नकाशावर दादाचं नाव चढणार नाही. दादा हसला असता. त्या पैशात भाच्याला एक बरी द्विनेत्री दुर्बीण घेऊन द्या.

राहिलं ‘कुठल्या तोंडाने’. कॅरोलिन हर्शेल मुळात गायिका. भावाच्या, विल्यमच्या, वेडापायी आकाशाकडे ओढली गेली. तो दुर्बिणीतून बघून सांगायचा, ती लिहून घ्यायची. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १८२२ मध्ये विल्यम गेला, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. तरी त्याने पाहिलेले अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ तिने नीट लावून यादी केली, आणि त्यासाठी १८२८ मध्ये तिला सुवर्णपदक मिळालं. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही, घाबरू नका.

मृग वर आला की एका निरभ्र रात्री गच्चीवर जा. फोन खालीच ठेवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. काक्षी आणि शेजारचा रोहिणी यांत जास्त तेजस्वी कोण, ते ठरवा. दुर्बीण लागत नाही. शेवटच्या वहीत कोरं पान असेलच; तिथे तारीख, वेळ आणि तुमचा अंदाज लिहा. मागून शंका आली तरी खोडू नका, दिसलं तेच राहू द्या.

वहिनींनाही बोलवा. त्या ‘उद्या’ म्हणाल्या, तर म्हणू द्या.