हॉटेलातला ‘आजचा खास पदार्थ’ खरोखरच हंगामाचा असतो का?

आपण विचारले आहे की, हॉटेलाच्या फळ्यावर ‘आजचा खास’ किंवा ‘हंगामी’ म्हणून जे लिहिलेले असते ते खरोखर त्या मोसमाचे आणि त्या गावचे असते, की फ्रीजरमध्ये पडून राहिलेला माल खपवण्याची ती युक्ती असते. आणि हे पदार्थ ठरवतो तरी कोण. मी गेली 14 वर्षे अलिबागजवळच्या एका 60 आसनांच्या हॉटेलात मुख्य आचारी आहे (नेमणूकपत्रावर शेफ लिहिले आहे, पण गावात कोणी तसे म्हणत नाही) आणि त्यापूर्वी 5 वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलाच्या भटारखान्यात होतो. दोन्हीकडचे पाहून सांगतो की, आपल्याला शंका आहे ते घडते, पण सर्वत्र नाही आणि दर वेळी वाईट हेतूनेही नाही.

मुंबईत आमचा उन्हाळी मेनू तीन महिने आधी ठरत असे. पदार्थांची छायाचित्रे काढली जात, कार्डे छापून येत, आणि मग एखाद्या वर्षी आंबा उशिरा आला तरी कार्डावरची तारीख बदलत नसे, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे डब्यातला गर वापरून वेळ निभावून नेली जाई. त्यात फसवणूक करावी असे कोणाच्या मनात नव्हते. छापलेल्या कागदाला हंगामाची वाट पाहता येत नाही, इतकेच. इथे आमचा फळा रोज सकाळी साडेदहाला पुसला जातो आणि बाजारातून काय आले ते पाहून नव्याने लिहिला जातो. म्हणून फळ्यावरचा पदार्थ मी ठरवतो असे म्हणणे धाडसाचे होईल. किती ताटे करायची आणि ओळ केव्हा पुसायची, एवढेच माझ्या हातात असते.

बाकीचे बरेचसे पंचांगच ठरवते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते, पाण्याला ओढ असते आणि डोल जाळ्यात (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) बोंबील, जवळा, आंबाड भरभरून येतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग लागली, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर ओसरला, की तीच जाळी हलकी येतात आणि कोळणीच्या पाटीतला वाटा लहान होऊन भाव चढतो. त्याच पंचांगातून मला हेही कळते की कोणत्या दिवशी कोण काय खाणार नाही, कारण संकष्टीला, एकादशीला आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी गावातली मंडळी मासळीकडे फिरकत नाहीत. म्हणजे जाळ्यात काय येणार आणि ते कोणाच्या पानात पडणार, दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले असते. भटारखान्याच्या भिंतीवर मी ते पंचांग ओल्या हातांनी उलटून उलटून दर वर्षी दिवाळीपर्यंत फाडून टाकतो.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धापासून तिकडचा मासा बर्फात घालून इकडे येतो, आणि त्याशिवाय फ्रीजरमधला माल असतोच. आपली शंका सर्वांत जास्त खरी ठरते ती याच दोन महिन्यांत. जुलैत कोणी ‘आज सकाळी धक्क्यावरून आणलेले पापलेट’ असे सांगत असेल तर तो कोणता धक्का, हे अवश्य विचारावे. आम्ही त्या काळात बिगरयांत्रिक होड्यांतून किंवा खाडीतून मिळेल तेवढेच ताजे लिहितो, आणि बाकी फळा सुका जवळा, सोडे, सुके बोंबील आणि रानभाज्या यांना देतो. पूर्वी पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचा बंद झाल्या की आमचे हॉटेल ओस पडत असे. 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही चढवता येणारी बोट) सुरू झाली आणि लोक पावसातही गाड्या घेऊन येऊ लागले, तेव्हाच पावसाळी फळा लिहिण्यात अर्थ निर्माण झाला.

त्या फळ्यावरची पहिली ओळ शेवळांची, म्हणजे एका रानभाजीची असते. मोसमाच्या पहिल्या सरी पडल्या की कातकरी बाया शेवळांच्या जुड्या आणि सोबत काकडांचे (ही आंबट रानफळे) वाटे घेऊन बाजारात बसतात, आणि तीन-चार आठवड्यांत हा सगळा कारभार आटोपतो. शेवळ दिसायला साधे, कोंबासारखे असते, पण ते भयंकर खाजरे असते. वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळट भाग पूर्ण काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडे ठेचून काढलेल्या आंबट रसात सोड्यांबरोबर शिजवायचे, अशी त्याची रीत आहे. निम्मी जुडी कचऱ्यात जाते. पाचेक वर्षांपूर्वी एका दिवशी काकडे मिळाली नाहीत, म्हणून मी चिंचेच्या कोळावर भागवले आणि तो कोळ घालताना हात आखडला. अकरा वाजता चाखून पाहिले तेव्हा मला काहीच जाणवले नाही. दीड वाजता सात नंबरच्या टेबलावरचे चौघे पाण्याचे ग्लास मागवत गळ्याला हात लावून बसले होते, आणि त्यांच्यातल्या आजींनी मला बाहेर बोलावून एवढेच विचारले, “काकडं घातली नव्हतीत ना?” बिल अर्थातच घेतले नाही. तेव्हापासून काकडे नसतील तर शेवळे नाहीत, आणि असली तरी मी स्वतः दोन घास खाऊन 20 मिनिटे घड्याळ पाहिल्याशिवाय ती ओळ फळ्यावर चढत नाही.

काही हंगामी गोष्टी मी मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या जोरदार पावसात खाडी-नदीतले मासे अंडी घालण्यासाठी शेतांत चढतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात, आणि ती पकडायला जाणे हा रायगडातल्या गावांचा जुना छंद आहे. घरापुरते चार मासे आणून कोणी कालवण केले तर त्यावर मी काही बोलणार नाही, मीही लहानपणी खाल्ले आहे. पण गाभोळीने भरलेला मासा रोज 30 ताटांच्या हिशेबाने विकत घेऊ लागलो तर माझ्यासारखी दहा हॉटेले मिळून ओढे रिकामे करतील, म्हणून पर्यटकांनी कितीही आग्रह केला तरी ते आमच्याकडे मिळत नाही.

श्रावणात मोठी गंमत होते. गावातले लोक मांस-मासळी सोडतात आणि मुंबईहून आलेल्यांना मात्र मासळीच हवी असते, कारण बंदी नुकतीच उठलेली असते. या काळात फळ्याच्या एका बाजूला ताजी मासळी आणि दुसऱ्या बाजूला वालाचे बिरडे असते. इथला कडवा वाल भाताच्या कापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाढतो, तो वाळवून वर्षभर ठेवतात. तो रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा दोन बोटांत दाबून सोलायचा. दुपारी तीन ते पाच आमच्या भटारखान्यातल्या तीन मावश्या परातीभोवती बसून हेच करतात, आणि अख्ख्या गावाच्या बातम्या मला त्याच दोन तासांत कळतात. बिरडे करावे तरी कोणत्या रीतीने हाही प्रश्नच असतो, कारण सीकेपी घरांत नारळाचे दूध घालतात, आगरी घरांत भाजलेले वाटण लागते, आणि ब्राह्मण घरांतल्या डाळिंब्यांत गूळ-आमसूल असते. मी आठवड्यात आलटून पालटून करतो आणि कोणत्या पद्धतीचे आहे ते फळ्यावर लिहितो, तरी रोज कोणीतरी ‘आमच्याकडे असे नसते’ म्हणतेच. ते म्हणणारा बहुधा पुण्या-मुंबईचा असतो. गावातला माणूस बिरडे घरी खातो. आमच्याकडे तो पनीर खायला येतो.

थंडीत सगळ्यांत जास्त मागणी पोपटीची असते, आणि तीच हॉटेलात नीट होत नाही. कोवळ्या वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा मातीच्या मडक्यात भरून, तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पहिल्या वर्षी मी ती ओव्हनमध्ये करून पाहिली आणि उकडलेल्या शेंगांची भाजी तयार झाली. आता जानेवारी-फेब्रुवारीत फक्त शनिवारी मागच्या मोकळ्या जागेत सहा मडकी लावतो आणि सहा मडक्यांत जेवढे बसेल तेवढेच विकतो.

मालकांशी माझा वाद होतो तो पैशांवरून. मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसावा हा धंद्याचा हिशेब आहे, पण शेवळांचा निम्मा भाग फेकला जातो आणि वाल सोलण्याची मजुरी त्या हिशेबात कुठे धरलीच जात नाही. हंगाम म्हणजे स्वस्ताई हाही सर्वसाधारण गैरसमज आहे. अलिबागचा पांढरा कांदा फेब्रुवारी-मार्चपासून वेण्या घालून रस्त्याकडेला लटकलेला दिसतो, त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि नाव झाले तसा त्याच नावाने बाहेरचा पांढरा कांदाही विकला जाऊ लागला. एका व्यापाऱ्याने मलाही तो दोनदा दिला. कच्चा चावून पाहिला तर फरक लगेच कळतो, इथला कांदा गोडसर लागतो आणि डोळ्यांतून पाणी काढत नाही. म्हणूनच तो मी वाटणात कधीच घालत नाही, तिथे त्याची गोडी वाया जाते. तो नुसता चिरून तांदळाच्या भाकरीबरोबर देतो.

आता उरलेल्या मालाविषयी. हो, मीही फळ्याचा तसा उपयोग केला आहे. एकदा 40 जणांच्या एका गटाने सकाळी यायचे रद्द केले आणि सुरमई तर येऊन पडली होती, तेव्हा दुपारी ‘आजचा खास: सुरमईचे तिखले’ अशी ओळ लिहिली. मासा त्याच दिवसाचा होता, म्हणून मला त्यात गैर वाटले नाही. दुसऱ्या दिवशी तो फळ्यावर राहिला असता तर वाटले असते. रात्री उरते ते आम्ही कामगारच खातो.

तेव्हा पुढच्या वेळी आपण जेवायला बसाल तेव्हा पदार्थ ताजा आहे का असे विचारू नका, कारण त्याला ‘नाही’ असे उत्तर कोणताही वेटर देणार नाही. हा पदार्थ काल होता का आणि उद्या मिळेल का, असे विचारा. “आज आहे, उद्याचं बाजार बघून सांगू” असे उत्तर आले तर बेलाशक मागवा, आणि “रोज असतो, साहेब” असे आले तर वरण-भात मागवा.