मागच्या सीटवरून टँडेम निवड

प्रिय पोरी,

तुझं पत्र सावकाश वाचलं. लेकाला मागे बसवून फिरवायला तुला टँडेम, म्हणजे दोघांनी मागेपुढे बसून पेडल मारायची सायकल, घ्यायची आहे. तिन्ही टँडेमची माहिती तू नीट पाठवलीस: फ्रेम कशाची आहे, गिअर किती आहेत, पुढचा शॉकर किती दबतो. लेकाबद्दल मात्र दोनच ओळी होत्या. तो नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे पाय ताठ असतात, दमला की तो उजवीकडे कलतो, आणि त्याला रानातल्या मातीच्या वाटेवरून जायचं आहे. माझ्या दृष्टीने खरी माहिती त्या दोन ओळींतच होती. टँडेम निवडायची ती मागच्या सीटवरून. पुढे बसणाऱ्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतात, समोरचा खड्डा त्याला दिसतो. मागच्याला फक्त तुझी पाठ दिसते. त्याच्यासाठी काय करता येईल ते आधी ठरव, बाकीची सायकल त्यानंतर.

पायांपासून सुरुवात करू. साध्या टँडेमला डाव्या बाजूने एक चेन असते आणि ती पुढचे व मागचे क्रँक, म्हणजे पेडल ज्यांच्या टोकाला बसतं ते दांडे, एकमेकांना जखडून ठेवते. तू पेडल मारलंस की त्याचं पेडल फिरणारच, त्याची इच्छा असो वा नसो. एरवी मागचा माणूस दमला की पाय सैल सोडतो आणि पेडलबरोबर फिरू देतो. ताठ स्नायूंना ते जमत नाही. स्पॅस्टिसिटीमध्ये, म्हणजे स्नायूंच्या अशा ताठरपणात, स्नायू जितक्या वेगाने ताणला जातो, तितका तो जास्त आवळतो. चढ आला, तू हलका गिअर टाकून भराभर पाय मारू लागलीस, की नेमके तेव्हाच त्याचे गुडघे अडतील आणि चेन त्यांना ओढत राहील. त्याचं दुखणं तुला दिसणारही नाही, कारण तो तुझ्या पाठीमागे आहे. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी कशाची वाटत असेल तर ती याची.

यावर स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे आखूड क्रँक. मोठ्यांचे क्रँक साधारण १७० मिलिमीटरचे असतात. मुलासाठी १०० ते १३० मिलिमीटर पुरतात. पेडलचं वर्तुळ लहान झालं की गुडघा कमी वाकतो आणि स्नायूवर ताण कमी येतो. त्यासाठी नवे क्रँक घ्यावेच लागतात असं नाही. असलेल्या क्रँकवर बोल्टने बसणारे, भोकं पाडलेले जोड मिळतात. त्यांच्यावर पेडल हवं तेवढं आत घेता येतं. सोबत टाच धरून ठेवणारं, पट्ट्याचं पेडल घे. पाऊल निसटलं तर फिरतं पेडल पोटरीवर येऊन आपटतं. तो पायाला ब्रेस लावत असेल तर ब्रेस आणि बूट घालूनच सगळी मापं घे, कारण ब्रेसमध्ये घोटा हलत नाही आणि सगळं काम गुडघा नि खुबा करतात. खुब्यांचं आधी फिजिओथेरपिस्टना विचार. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू खोबणीबाहेर सरकू शकतो, आणि रुंद सीटवर मांड्या किती फाकवून बसणं चालेल हे तेच सांगू शकतील. तुझ्या मैत्रिणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे असं लिहिलंयस. तिलाही सांग, खडबडीत वाटेवर नेण्याआधी त्याच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घे. काही मुलांत तो सांधा सैल असतो.

मुलाला वाटेल तेव्हा पाय थांबवता येतील अशाही सायकली आहेत. हासे पिनो नावाच्या टँडेममध्ये मूल पुढे, टेकून बसायच्या खुर्चीत असतं, मोठा माणूस मागून हँडल धरतो आणि पुढच्या पेडलना स्वतःचं फ्रीव्हील असतं, त्यामुळे तू पाय मारत असलीस तरी ती थांबू शकतात. शिवाय लेकाचं डोकं तुझ्यापासून हातभर अंतरावर. पण ती जुनी घेतली तरी महाग पडते, आणि पुढचं चाक २० इंची असल्याने दगडगोट्यांत ते अडखळतं. बारीक खडीच्या रस्त्यावरच जायचं असेल आणि कोणी परवडेल अशा भावात देत असेल, तर मात्र फार विचार करू नकोस. फॉलोमी नावाची जोडणी मुलाची स्वतःची छोटी सायकल तुझ्या मागच्या एक्सलला जोडते आणि तिचं पुढचं चाक उचलून धरते. ती सर्वांत स्वस्त, आणि तिच्यातही त्याला पाय थांबवता येतात. तरी तुझ्या लेकासाठी ती नको. तिथे पाठीला आधार नाही, कंबर त्याची त्यालाच सावरावी लागते, आणि तो कलला की तुझं मागचं चाक त्याच बाजूला ओढलं जातं. मातीत ते जास्तच जाणवतं. वीहू हा पट्टा लावून बसायचा, पेडल असलेला ट्रेलर लहान मुलांना छान आहे, पण याच्या वयाला लवकरच अपुरा पडेल.

म्हणून माझा कौल वापरलेल्या, २६ इंची चाकांच्या डोंगरी टँडेमला. कॅननडेल कंपनीने १९९०च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या अशा टँडेम काढल्या, इतरांच्या स्टीलच्याही सापडतात. मागची जागा मोठ्या माणसाच्या मापाची असते, त्याची धास्ती घेऊ नकोस. मागच्या सीटच्या नळीवर, वरच्या बाजूला बसणारं चाइल्ड किट मिळतं. त्यात वेगळे छोटे क्रँक आणि त्यांची वेगळी चेन असते. मूल वाढेल तसं ते खाली सरकवायचं. पाठीला टेकू आणि कमरेला पट्टा असलेली सीट त्यावर बसवता येते.

आता पैसे कुठे घालायचे. ब्रेक आणि चाकं, याच क्रमाने. तू ६५ किलो आणि साधी सायकल १३, म्हणजे ७८. तू, २७ किलोचा लेक आणि २० किलोची टँडेम मिळून ११२. तोच उतार, पण ब्रेकना ४० टक्क्यांहून जास्त उष्णता पचवायची आहे. रिमवर घासणारे ब्रेक लांब उतारावर रिम इतकी तापवतात की ट्यूब फुटू शकते. फ्रेम आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) डिस्क ब्रेक लावायची सोय असेल तीच टँडेम बघ आणि २०३ मिलिमीटरचे रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, बसव. तारेवर चालणारे अ‍ॅव्हिड बीबी७ हे डिस्क ब्रेक टँडेमवाले बरीच वर्षं वापरत आलेत, कोणालाही दुरुस्त करता येतात. मागच्या चाकाला निदान ३६ स्पोक हवेत, ४० असतील तर उत्तम. मागच्या चाकाच्या हबची, म्हणजे मधल्या तुंब्याची, रुंदी मोजून घे: साध्या डोंगरी सायकलची १३५ मिलिमीटर असते, टँडेमची बहुधा १४० किंवा १४५, आणि सँटाना कंपनीच्या टँडेमची १६०. उद्या चाक बदलायची वेळ आली की हा आकडाच खर्च ठरवतो.

पुढच्या शॉकरसाठी जास्तीचा पैसाही देऊ नकोस. एकट्या माणसाच्या सायकलचा फोर्क दोघांच्या वजनासाठी बनवलेला नसतो, आणि त्याचा आराम मिळतो तो तुला. लेक मागच्या चाकाच्या जवळजवळ वर बसतो. दगड आला की तू सीटवरून उठशील, त्याला उठता येणार नाही. त्याच्यासाठी रुंद टायर, सव्वादोन इंच किंवा जास्त, आणि हवा थोडी कमी. शॉकर असलेला सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, घेशील तर २७ किलो वजनाला तो दबतो का ते दाबून बघ. मोठ्यांसाठी केलेले बरेच सीटपोस्ट मुलाखाली दगडासारखे ताठ राहतात.

जुनी टँडेम बघायला जाशील तेव्हा डावी चेन मधोमध वरखाली हलव. सेंटिमीटरभर हलली तर ठीक, लोंबत असेल तर ती पुढच्या बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकचा आस बसतो त्या जागेचा) गोल भाग फिरवून ताणायची असते. तो भाग तुझ्यासमोर फिरवून दाखवायला सांग. गंजून अडकलेला असेल तर ती सायकल सोड. मागचा सीटपोस्ट निघतो का, तेही पाहा. हँडलखालच्या जोडांवर आणि दोन्ही बॉटम ब्रॅकेटभोवती रंगाला केसासारखी चीर दिसली तर भाव कितीही कमी असो, परत ये.

घेण्याआधी एक काम नक्की कर. कोणा जाणत्याला पुढे बसव, तू मागे बस आणि अर्धा तास मातीच्या वाटेवरून फिर. सीटवरून उठायचं नाही. मग तुला कळेल की खड्डा येण्याआधी ‘खड्डा’ असं ओरडून सांगणं का लागतं, आणि पाय थांबवण्याआधी ‘थांबतेय’ म्हणणं का. लेकाच्या हँडलवर एक घंटी लाव. एकदा वाजली की तू पाय थांबवायचे, कारण विचारायचं नाही. चढताना-उतरताना दोन्ही पाय जमिनीवर रोवून, दोन्ही ब्रेक दाबून तू उभी राहा. त्याचे पाय बांधलेले असतात, सायकल कलली तर तो तिच्याबरोबरच जाईल. तेव्हा आधी तो चढेल, मग तू सीटवर बसशील, आणि उतरताना आधी तो. सुरुवातीला वाट रुंद आणि सपाट निवड. टँडेम लांब असते, अरुंद वळणात अडते आणि मोठ्या मुळावर तिचं पोट टेकतं.

त्या तीन टँडेमपैकी दुसऱ्या फोटोतली मला बरी वाटते, पण डावी बाजू दिसत नाही. त्या बाजूचा फोटो मागव. आणि लेकाची ही मापं पाठव: बूट-ब्रेससकट जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी, वजन, बसल्यावर गुडघा न दुखता किती वाकतो, आणि आधाराशिवाय तो किती वेळ ताठ बसू शकतो. ती मिळाली की क्रँक किती लांबीचे घ्यायचे ते लगेच कळवते.

तुझी,
मावशी