पंक ऐकणाऱ्या मुलीच्या आईला

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला 91 टक्के होते. गेले वर्षभर ती पंक रॉक नावाचं काहीतरी ऐकते. त्यातही सगळे बायकांचेच बँड. मामानं दिलेल्या पैशातून तिनं जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, केस कापून घेतले आणि आता म्हणते, बँड काढणार, सीईटी देणार नाही. तिचे वडील गिटारला कुलूप घालायला निघालेत. या बायका नेमक्या कोण आहेत? आणि यात करिअर आहे का?
— एक आई, कराड

नमस्कार ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. पंकवर, म्हणजे या साध्या, वेगवान, बंडखोर रॉक संगीतावर, घर चालत नाही. कराडमध्ये नाही, पुण्यात नाही आणि लंडनमध्येही फारसं चाललं नाही. तुमच्या मुलीला ठाऊक असलेल्या ‘द स्लिट्स’ या बँडची गिटारवादक व्हिव्ह अल्बर्टिन बँड मोडल्यावर चित्रपट दिग्दर्शन शिकली आणि टीव्हीसाठी काम करू लागली. ‘द रेनकोट्स’ची ॲना दा सिल्वा तर लंडनमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात बसायची. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन तिच्या गाण्यांचा इतका भक्त की 1992 मध्ये तिला शोधत तो त्या दुकानात गेला. जगप्रसिद्ध माणूस भेटायला येतो आणि ही काउंटरमागे उभी! मुलीला हा किस्सा जरूर सांगा. तिला तो आवडेल, आणि त्यातला व्यवहारही कळेल.

आता या बायका कोण, ते. मला स्वतःला हे संगीत सलग तीन गाण्यांपुढे झेपत नाही, पण त्यांची गोष्ट मला फार आवडते.

1976 च्या मे महिन्यात अमेरिकन गायिका पॅटी स्मिथचा लंडनमध्ये कार्यक्रम झाला. पॅटी त्याआधी कारखान्यात आणि पुस्तकांच्या दुकानात काम केलेली बाई. त्या गर्दीत एरी अप नावाची 14 वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि स्पेनहून आलेली पामोलिव्ह होती. तिथं दोघींची गाठ पडली आणि त्यातून ‘द स्लिट्स’ उभा राहिला. कुणालाच धड वाजवता येत नव्हतं. तरी पुढच्या वर्षी त्या ‘द क्लॅश’ या मोठ्या बँडबरोबर दौऱ्यावर होत्या. त्यांना स्टेजवर पाहून जीना बर्च या आर्ट स्कूलमधल्या विद्यार्थिनीला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. तिनं बास गिटार घेतली आणि ॲनाबरोबर ‘द रेनकोट्स’ काढला. पुढे पामोलिव्ह त्यांच्याकडे ड्रम वाजवायला आली.

त्याच 1976 च्या 3 जुलैला, स्वतःच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, पुढे गायिका झालेल्या पॉली स्टायरीननं इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या धक्क्यावर सेक्स पिस्टल्स हा पंक बँड ऐकला आणि बँडसाठी साथीदार हवेत म्हणून संगीताच्या साप्ताहिकात जाहिरात दिली. वडील सोमाली, आई गोरी, दातांना तारा. त्या काळातल्या ‘गायिका अशी दिसते’ या कल्पनेत ती कुठंच बसत नव्हती. तिची गाणी प्रेमाबिमाची नाहीत, ती प्लास्टिक, जाहिराती आणि खरेदीच्या वेडावरची आहेत. आज ती ऐकली तर मॉलमध्ये बसून लिहिल्यासारखी वाटतात.

पुढची पिढी अमेरिकेतली. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावात 1990 मध्ये कॅथलीन हॅना आणि तिच्या मैत्रिणींनी ‘बिकिनी किल’ काढला. झेरॉक्स काढून पत्रकं आणि छोटी मासिकं वाटली. आणि 2019 मध्ये लॉस एंजेलिसला याच ‘बिकिनी किल’च्या आधी ‘द लिंडा लिंडाज’ नावाच्या शाळकरी मुली वाजवून गेल्या. 2021 मध्ये त्यांनी तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात, वर्गातल्या एका मुलाच्या वर्णद्वेषी बोलण्यावर रचलेलं गाणं म्हटलं आणि त्या जगभर पोचल्या. ड्रम वाजवणारी मुलगी तेव्हा 10 वर्षांची होती.

साखळी लक्षात आली का? काल गर्दीत उभी राहून ऐकणारी मुलगी आज स्टेजवर असते. या संगीतात ऐकणारी आणि वाजवणारी यांच्यात भिंत फार बारीक आहे. आपल्याकडे गुरूनं हो म्हटल्याशिवाय मैफिलीत बसायचं नाही अशी शिस्त, आणि ती चांगलीच आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीला ‘तीन कॉर्ड येतात ना, मग सुरू कर’ असं सांगणारं कुणीतरी भेटलं, तर ती हरखणारच. म्हणून मी तुम्हाला एकच विचारेन. तुमची लेक नुसती ऐकतेय, की काही करतेय? गाणी लिहिते का? रोज वाजवते का? कुणाला जमवते का? करत असेल, तर ते खूळ नाही. नुसतेच केस कापले असतील, तर केस वाढतात.

मुलीलाही एक गोष्ट सांगा. या बायकांनी न येता सुरुवात केली, पण न येता त्या थांबल्या नाहीत. 1979 च्या पहिल्या अल्बमपर्यंत ‘स्लिट्स’ रेगे या जमैकातल्या संगीताच्या तालात सफाईनं वाजवत होत्या. ‘रेनकोट्स’मधली व्हायोलिनवाली तर शास्त्रशुद्ध शिकलेली होती. तेव्हा शिकवणी लावा. रॉकस्कूल किंवा ट्रिनिटीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडेही देता येतात.

तुमची भीती पत्रात स्पष्ट नाही, पण ओळींमधून दिसते. ती खोटी नाही. एरी अपवर रस्त्यात चाकूहल्ला झाला होता. ‘बिकिनी किल’च्या कार्यक्रमांत पुढे पुरुषांची धक्काबुक्की चाले, म्हणून कॅथलीन मुलींना पुढे यायला सांगायची. म्हणजे सुरक्षिततेचा विचार त्यांनी स्वतःच केला होता. तुम्हीही कार्यक्रम कुठं, परत कसं यायचं, हे विचारा, फक्त दर वेळी ‘जाऊ नको’ या शेवटानं नको. आणि पॉली स्टायरीनला रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. आधी निदान चुकलं, पुढे बायपोलर हा मनाचा आजार असल्याचं कळलं. मुलगी रात्र रात्र जागत असेल, जेवत नसेल, तर ‘कलाकार आहे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आता सीईटी. ती तिनं द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अॅम्प्लिफायर, पेडल, माइक, रेकॉर्डिंग हे सगळं फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे. ध्वनीच्या क्षेत्रात सायन्सचं शिक्षण कधीच वाया जात नाही. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. शिवाय पुण्यातल्या कॉलेजात गेली, तर फिरोदिया करंडक ही कॉलेजांमधली स्पर्धा आहेच. तिथं नाटकाबरोबर स्टेजवरच लाइव्ह बँड वाजतो, आणि इंजिनिअरिंगची पोरं रात्ररात्र तालमी करतात. सतरा वर्षांच्या, चिडलेल्या मुलीला ‘इंजिनिअर हो’ म्हटलं तर ती दार आपटेल. फिरोदियाचे व्हिडिओ दाखवा आणि गप्प बसा.

गिटारला कुलूप घालून मुलगी पुस्तकाकडे वळली, असं मी तरी पाहिलेलं नाही. ती कपाटाकडेच बघत बसते. त्यापेक्षा बारावीपर्यंत वेळ ठरवून घ्या, तोही तिलाच ठरवू द्या. बँडसाठी आधी दोघी मैत्रिणी मिळाल्या तरी पुरे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक गाणं वाजवावं, शक्यतो स्वतःचं आणि मराठीत. उद्या गाणं प्रकाशित झालंच, तर गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नोंदणी करायला सांगा. रॉयल्टीचा हक्क तिचा असतो, आणि तरुण मुलं ते हमखास विसरतात.

राहिला आवाजाचा प्रश्न. वाद्यांच्या दुकानात हेडफोन अॅम्प मागा. अगदी लहान असतं ते, गिटारलाच जोडलं जातं आणि आवाज फक्त तिच्या कानात जातो. तिच्या वडिलांचा अर्धा विरोध तिथंच मावळेल असं मला वाटतं.