अलिबागचा पांढरा कांदा नागपुरात: पार्सलच्या भानगडीत पडू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की अलिबागहून मागवलेली पांढऱ्या कांद्याची गोणी अर्धी ओली निघाली आणि पार्सलवाले म्हणतात, "जिथून बुक केलं तिथेच तक्रार करा." वाचून आधी हसू आलं, मग जुना राग वर आला. हेच सगळं आमच्याकडेही होऊन गेलंय. ऑफिसचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

माल नागपुरात पोचल्याचा मेसेज शनिवारी दुपारी आला. गेलो, तर गोदामाची चावी ज्याच्याकडे तो निघून गेलेला. सोमवारी म्हणाले पावतीवर पत्ता अर्धाच छापलाय, ओळखपत्राची झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणेपर्यंत साहेब जेवायला. एप्रिलचं नागपूर, पत्र्याचं गोदाम आणि माळांवर गच्च गुंडाळलेलं प्लास्टिक! गोणी उचलली तेव्हा खालची फरशी ओली होती, वासानेच कळलं. भरपाईचं विचारलं तर पावती उलटी करून दाखवली: नाशवंत मालाची जबाबदारी आमची नाही. छापलं होतं खरं, मुंगीच्या अक्षरात. मग नाशवंत आहे हे ठाऊक होतं तर अडवून कशाला ठेवला बाप्पा?

असो. अलिबागचा हा कांदा गोड आणि पाणीदार, म्हणून बंद जागेत आणि उष्णतेत लवकर सडतो. शेतकरी पात विणून त्याच्या माळा करतात त्या शोभेसाठी नाही, टांगून हवा लागावी म्हणून. त्या माळेला प्लास्टिकमध्ये कोंबायचं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणीच. मागवायचाच असेल तर जाळीच्या पोत्यात द्यायला सांगा, आणि सोमवारी-मंगळवारी निघेल असं बघा, शनिवार-रविवार मध्ये येऊ देऊ नका. त्याहून बरं म्हणजे मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने कोणी येत असेल तर त्याच्या हाती माळ पाठवायला सांगा. वडखळ-पोयनाडच्या रस्त्यावर उन्हाळ्यात माळा टांगलेल्या दिसतात. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांकडे हे पीक घेतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून माल येऊ लागतो.

२०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जो तो पांढरा कांदा "अलिबागचा" म्हणून खपतो. सुटा, पात कापलेला कांदा त्या नावाने मिळाला तर मी तरी विश्वास ठेवत नाही. रंगावर तर जाऊच नका. सुकवून पावडर करायच्या जातीही पांढऱ्याच असतात, पण त्यात पाणी कमी, घट्ट भाग जास्त आणि तिखटपणा चांगलाच. तिखटपणा येतो कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे. चिरलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि डोळ्यांतून पाणी. जमिनीत गंधक जास्त, तर कांदाही तिखट. म्हणून एकाच जातीचा कांदा दोन शेतांतून वेगळा लागतो. एक कांदा चिरून मधली पाकळी कच्ची चावा, गोड लागली पाहिजे; बाकी सगळ्या खुणा बेभरवशाच्या.

आणि हो, आपल्या विदर्भातला पांढरा कांदा काही वाईट नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या कळमना बाजारात येतो. गोकुळपेठेत किंवा बुधवार बाजारात दुकानदाराला सरळ म्हणा, एक चिरून दाखवा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. अलिबागइतका गोड नेहमी निघेलच असं नाही, पण पार्सलचं भाडं जोडलं की हाच परवडतो. हे माझं मत, कोकणातल्या मंडळींनी रागावू नये.

स्वयंपाकाचं सांगायचं तर गोड कांदा कच्चाच खा. सावजी रस्स्याला वापरू नका, कृपा करा. भाजून काळा होईस्तोवर आधी त्यातलं पाणी आटवावं लागतं, गॅस जातो आणि हाती मूठभर वाटण येतं. वर मसाल्यापुढे त्याची चव कुठे उरते? तिथे लाल कांदाच पाहिजे. टक्कूत मात्र हा राजा. किसलेली कैरी, किसलेला कांदा, मीठ, तिखट, हिंगाची फोडणी. गूळ नेहमीच्या निम्माच घालून आधी चव बघा, नाहीतर मुरंबा होतो. मीठ लागलं की कांदा भराभर पाणी सोडतो, म्हणून टक्कू जेवायच्या थोडं आधीच कालवा. झुणक्यात पाणी वरून घालू नका, कांद्याच्याच पाण्यात बेसन शिजतं. वांग्याच्या भरतावर वरून बारीक चिरून पसरा, परतू नका.

उरलेला कांदा सावलीत, हवेशीर जागी टांगा. कूलरच्या झोतासमोर नको, ती दमट हवा त्याला मानवत नाही, बटाट्यांच्या टोपलीतही नको. आठवड्यातून एकदा प्रत्येक कांद्याचं देठ दाबून पाहा, मऊ लागला तर तो आजच्या जेवणात.

तुमच्या गोणीतले कोरडे कांदे आजच वेगळे करून पेपरवर पसरा. तक्रार लेखी द्या, पोचपावती घ्या, ओल्या गोणीचा फोटो जोडा. पैसे मिळतीलच याची हमी मी देत नाही, मला मिळाले नव्हते.