चांगल्या विज्ञानकादंबऱ्या आणि मालिका कोणत्या वाचाव्यात? (मुलांसाठीच्या नकोत)

आपला प्रश्न असा आहे की, अंतराळावरचे चित्रपट पुष्कळ पाहून झाले, आता विज्ञानकादंबऱ्या आणि त्यांच्या मालिका वाचायच्या आहेत, मराठी किंवा इंग्रजी कोणत्याही चालतील, मात्र "मुलांसाठीच्या नकोत, गंभीर हव्यात". नावे आधीच सांगून टाकतो, कारण त्या शेवटच्या अटीविषयी मला बरेच बोलायचे आहे. उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', स्तानिस्वाव लेम यांची 'सोलारिस' आणि जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' या तीन सुट्या कादंबऱ्या आधी वाचाव्यात, आणि त्यानंतर आयझॅक असिमोव्ह यांची 'फाउंडेशन' ही मालिका घ्यावी. मालिकेपासून सुरुवात करू नये. जाडजूड मालिका उत्साहाने हाती घेऊन दुसऱ्याच खंडात दमलेले आणि पुन्हा या प्रकाराकडे न फिरकलेले वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता त्या अटीविषयी. आमच्या तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी लहानपणापासून सभासद होतो. बालविभाग मागच्या पडवीत होता आणि तिथले सभासदत्व चौदा वर्षांपर्यंतच मिळत असे. त्या पडवीतल्या लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'यक्षांची देणगी' आणि आणखी काही विज्ञानकथासंग्रह ठेवलेले होते, आणि प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर दाखल क्रमांकाच्या वर तांबड्या शाईने 'बा' असे अक्षर घातलेले होते. १९९८ च्या जूनमध्ये माझे कार्ड मोठ्यांच्या विभागात बदलले गेले आणि पहिल्याच दिवशी देवघेवीच्या टेबलाशी मला सांगण्यात आले की, त्या कपाटातली पुस्तके आता मला मिळणार नाहीत. 'वामन' माझे निम्मे वाचून झाले होते. शेजारच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले एक सर, जे मराठीचे नामांकित शिक्षक आणि वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीचे सदस्य होते, मान वर करून म्हणाले, "आता मोठा झालास, आता ते सोड आणि वाङ्मय वाच." ते रागावून बोलले नव्हते, आपुलकीने बोलले होते, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात अधिक खोल गेले. पुढची दोन वर्षे मी ती पुस्तके धाकट्या बहिणीच्या कार्डावर वाचली.

'वामन परत न आला' ही कादंबरी मुलांसाठी आहे असे ज्याला वाटते, त्याने ती वाचलेली नाही, असे मी स्पष्ट म्हणतो. जमिनीखाली खोल खणत असताना एका अतिप्राचीन आणि आपल्याहून प्रगत अशा संस्कृतीने पुरून ठेवलेला ज्ञानाचा ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीच्या आधारे एक बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो, आणि ती संस्कृती मुळात नष्ट का झाली हा प्रश्न मात्र कोणी वेळेवर विचारत नाही. आज यंत्रांच्या बुद्धिमत्तेविषयी जी चर्चा घरोघरी चालू आहे, तिचा गाभा या कादंबरीत काही दशकांपूर्वीच मराठीत मांडलेला आहे. ज्या गृहस्थाने ती लिहिली, त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती, जेणेकरून परीक्षकांनी केंब्रिजमधल्या खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीला नव्हे, तर कथेला गुण द्यावेत. त्या कथेला पहिला क्रमांक मिळाला. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. आमच्या वाचनालयात मात्र त्यानंतर तेवीस वर्षांनीही तांबडे 'बा' तसेच होते.

मी पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागलो, गावी परतलो आणि २०१२ मध्ये वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आलो. पहिल्याच बैठकीत मी ती पुस्तके पुढच्या दालनात, कादंबरी विभागात आणावीत असा ठराव मांडला आणि सरांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की, वाङ्मयात माणूस आधी येतो, पण या कथांत कल्पना आधी ठरते आणि माणसे नंतर तिचे ओझे वाहायला हमालासारखी लावली जातात. हा आक्षेप उथळ नाही. काही पुस्तकांच्या बाबतीत तो खराही आहे, हे मी खाली सांगणार आहे. पण त्यांनी हे मत पुस्तके वाचून बनवलेले नव्हते, एवढे मला ठाऊक होते.

सर बखरींचे अभ्यासक होते आणि पानिपताविषयी बोलू लागले की त्यांना वेळेचे भान राहत नसे. म्हणून मी त्यांना कादंबरी न देता नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा नेऊन दिली. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत येऊन पोहोचतात, जिथे पानिपताची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे आणि देशाचा पुढचा सगळा इतिहास निराळा घडलेला आहे. असे का झाले याचा शोध घेताना त्यांच्या हाती बखरीचे एक पान लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या पानावर लागत नाही, ती कानाजवळून निघून जाते. आपल्या जगातली बखर आणि ते फाटके पान शेजारी शेजारी ठेवल्यावर मजकुरात जो एवढासा फरक दिसतो, तेवढ्यावर ती कथा उभी आहे.

चार दिवसांनी सरांचा निरोप आला. मी गेलो तेव्हा ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसले होते, मांडीवर त्यांची स्वतःची भाऊसाहेबांच्या बखरीची जुनी प्रत उघडी होती आणि तिच्यात बोट घालून त्यांनी तो भाग धरून ठेवलेला होता. त्यांनी मला तिथला उतारा मोठ्याने वाचून दाखवला, मग कथेतला वाचला, आणि काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "हे उत्तम आहे. पण यात विज्ञान कुठे आहे?" मी त्यांना सांगितले की, इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे पुंजवाद (क्वांटम सिद्धांत) ठामपणे सांगू शकत नाही, तो फक्त शक्यता सांगतो, आणि त्या प्रत्येक शक्यतेगणिक एक वेगळे जग असेल काय, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनी खरोखरच विचारलेला आहे, कथेने तोच प्रश्न एका गोळीला लावला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग ही विज्ञानकथा नव्हेच. ही ऐतिहासिक कथा आहे."

माझे खरे भांडण या वाक्याशी आहे, आणि आपल्या अटीतही मला तेच ऐकू आले. चांगली निघाली की ती विज्ञानकथा नाही असे म्हणायचे, आणि सामान्य निघाली की विज्ञानकथा अशीच असते असे म्हणायचे, या हिशेबात हा प्रकार कधीच जिंकू शकत नाही. ज्यूल व्हर्न यांचेही हेच झाले. त्यांच्या कादंबऱ्यांची सुरुवातीची इंग्रजी भाषांतरे करताना त्यांतला शास्त्रीय आणि राजकीय मजकूर मोठ्या प्रमाणावर गाळला गेला, उरलेला सांगाडा शाळकरी मुलांच्या हाती दिला गेला, आणि मग पिढ्यान् पिढ्या त्यांना मुलांचा लेखक म्हणून ओळखले गेले. त्यांचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आहे, १८५७ च्या उठावात तो लढलेला आहे आणि इंग्रजांवरचा त्याचा राग तिथून आलेला आहे, हे 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये सांगितले आहे; पण नेमो पाणबुडीवाला म्हणून ज्यांना माहीत आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

यानंतर मी सरांना ले ग्विन यांची कादंबरी दिली. त्यांचे इंग्रजी वाचन संथ होते आणि पुस्तकाच्या तारीखपट्टीवर तीन वेळा मुदतवाढीचा शिक्का पडला. या कादंबरीतल्या ग्रहावर कायम थंडी असते आणि तिथली माणसे स्त्री किंवा पुरुष अशी जन्मत नाहीत. महिन्यातले थोडे दिवस सोडले, तर त्यांना लिंगभाव नसतो, आणि त्या दिवसांत कोण काय होईल हे आधी ठरलेले नसते. पृथ्वीवरून आलेला दूत त्यांना आपल्या मापाने मोजत राहतो आणि चुकत राहतो. उत्तरार्धात हा दूत आणि हद्दपार झालेला एक मंत्री असे दोघेच एक गाडी ओढत बर्फाच्या अफाट पठारावरून जातात. त्या प्रवासाइतके एकटेपणाचे आणि मैत्रीचे वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. सरांनी पुस्तक परत केले तेव्हा आत आखीव वहीचा एक कागद राहून गेला होता. त्यावर त्यांनी शाईच्या पेनाने त्या बर्फावरची वाट काढली होती, मुक्काम दाखवणारे ठिपके दिले होते आणि अन्न किती उरले याच्या नोंदी बाजूला लिहिल्या होत्या. मी कागद त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि विषय काढला नाही. २०१४ मध्ये माझा ठराव पुन्हा मतास आला तेव्हा तो एका मताच्या फरकाने मंजूर झाला. सर तटस्थ राहिले.

मालिकांविषयी आता नीट सांगतो. 'फाउंडेशन'चे मूळ तीन खंड १९५१ ते १९५३ या काळात आले आणि ते त्याच क्रमाने वाचावेत. आकाशगंगेवर पसरलेले साम्राज्य कोसळणार हे हारी सेल्डन हा गणितज्ञ गणिताने ताडतो, आणि त्यानंतरची तीस हजार वर्षांची अंदाधुंदी एका हजार वर्षांवर आणण्याची योजना आखतो. वायूचा एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा दाब सांगता येतो, हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात शिकवतो. असिमोव्ह यांनी तेच माणसांच्या समूहाला लावले आहे, आणि दुसऱ्या खंडात एकच असामान्य माणूस आला की ते सगळे गणित कसे कोलमडते तेही दाखवले आहे. सेल्डनच्या तरुणपणावरचा 'प्रील्यूड टू फाउंडेशन' हा खंड १९८८ चा आहे. कथेतला काळ आधीचा म्हणून तो कोणी आधी वाचायला सांगितला, तर ऐकू नये, कारण मूळ खंडांत जे हळूहळू उलगडते त्यातली गोडी त्याने निघून जाते.

लिऊ त्सिशिन यांच्या त्रयीचा पहिला भाग 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनी भाषेत २००८ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि केन लिऊ यांच्या इंग्रजी भाषांतराला विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सापेक्षतावाद शिकवला हाही ज्याच्यावरचा एक आरोप आहे, अशा प्राध्यापकाला चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भर सभेत मुलीच्या देखत मारहाण करून ठार केले जाते, या प्रसंगाने इंग्रजी पुस्तक सुरू होते. तो विषय रोज शिकवणारा माणूस म्हणून ती पाने मला एका बैठकीत वाचता आली नाहीत. दुसरा भाग तिन्हींत सरस आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'चा १९६५ चा पहिला खंड अवश्य वाचावा आणि फार तर दुसऱ्यावर थांबावे. आर्थर क्लार्क यांची 'रॉन्देव्हू विथ रामा' वाचावी, तिचे पुढचे भाग वाचू नयेत. चित्रपटांची गती अंगवळणी पडली असेल, तर अँडी वीअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' किंवा जेम्स कोरी या जोडनावाने लिहिलेली 'एक्स्पान्स' ही नऊ खंडांची मालिका जवळची वाटेल. हवा आणि पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या लघुग्रहांवरच्या खाणकामगारांचे जगणे त्या मालिकेत चांगले उतरले आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. सरांचा हमालांचा आक्षेप 'फाउंडेशन'च्या पहिल्या खंडाला लागू पडतो. त्यात माणसे पातळ आहेत आणि स्त्रिया जवळजवळ नाहीतच. 'थ्री-बॉडी'च्या बाबतीतही तो बऱ्याच अंशी खरा आहे. नारळीकरांच्या कादंबऱ्यांतले संवाद कधीकधी वर्गातल्या स्पष्टीकरणासारखे वाटतात, हे त्यांचा वाचक म्हणून मी मान्य करतो. 'ड्यून'ची पहिली शंभर पाने कठीण जातात, परंतु पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ दिलेले आहेत, ते आधी चाळून घ्यावेत. 'सोलारिस'चे जुने इंग्रजी भाषांतर फ्रेंचवरून केलेले आहे आणि बिल जॉन्स्टन यांनी २०११ मध्ये थेट पोलिशवरून केलेले त्याहून चांगले आहे. शक्यतो तेच मिळवावे. आणि नारळीकरांची पुस्तके आपल्या वाचनालयात कादंबरी विभागात सापडली नाहीत, तर ती तिथे नाहीतच असे समजून परतू नये. बालविभागाचे कपाट उघडून पाहण्याची परवानगी मागावी आणि खालचा कप्पा पाहावा.