परळहून परदेशात: मुलांच्या न्यूरोसर्जरीसाठी कोणता रस्ता धरावा

आपला प्रश्न असा आहे की परळच्या महापालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरीचे एम.सीएच. (एम.एस. नंतरची अतिविशेष पदवी) लवकरच पूर्ण होईल, वय ३३ आहे, पत्नी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि यापुढे लहान मुलांची न्यूरोसर्जरी व तिच्यातील संशोधन हेच करायचे आहे, तर अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांपैकी कोठे जावे. मी मुंबईतूनच निघून टोरांटोला फेलोशिप (विशेषज्ञ झाल्यानंतरचे पुढचे प्रशिक्षण) केली आणि पुढे ब्रिटनमध्ये स्थिरावलो, म्हणून सविस्तर लिहितो. देश कोणता हे नंतर पाहू. तिकडे शिकून परत यायचे आहे की तिकडेच स्वतंत्र सर्जन म्हणून राहायचे आहे, हे आपण आणि आपल्या पत्नीने आधी ठरवावे, कारण हे दोन रस्ते पहिल्या परीक्षेपासूनच वेगळे होतात.

अमेरिकेत आपले एम.एस. आणि एम.सीएच. रेसिडेन्सीत, म्हणजे तिथल्या विशेषज्ञ-प्रशिक्षणात, जमेस धरले जात नाही. यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा, मग न्यूरोसर्जरीची सात वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यानंतर मुलांच्या न्यूरोसर्जरीची एक वर्षाची फेलोशिप, असा सगळा क्रम पुन्हा करावा लागतो. जानेवारी २०२२ पासून त्यांतील पहिल्या परीक्षेला, स्टेप १ ला, गुण मिळत नाहीत, केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच शेरा मिळतो. त्यामुळे परदेशी पदवीधराला गुणांच्या जोरावर पुढे सरकण्याची जी एक वाट होती ती अरुंद झाली आहे, आणि प्रसिद्ध झालेले शोधनिबंध व तिथल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांचे वजन वाढले आहे. जे-१ या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर शिक्षण घेतल्यास नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा देऊन ती माफ करून घेता येते, परंतु मुलांची न्यूरोसर्जरी मोठ्या शहरांतील बालरुग्णालयांतच चालते, त्यामुळे या सवलतीचा आपल्याला फॅमिली फिजिशियनइतका उपयोग होणार नाही. संशोधनाचीही एक मेख आहे: शल्यविशारदाला ऑपरेशन थिएटरबाहेर राखीव वेळ मिळवून देणारी एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची के०८ आणि के२३ ही अनुदाने केवळ नागरिकांना किंवा कायम रहिवाशांना मिळतात. ३३ व्या वर्षी, घरात दुसरी कारकीर्दही उभी असताना, मी हा रस्ता सुचवणार नाही.

कॅनडात थेट क्लिनिकल फेलोशिपसाठी अर्ज करता येतो, कारण मायदेशातील आपली विशेषज्ञता तिथे त्या कामापुरती मान्य होते. टोरांटोच्या सिककिड्स या बालरुग्णालयात जगभरातून लोक याच मार्गाने येतात. मात्र तो परवाना शिक्षणापुरता असतो, त्यावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, आणि पगार मिळेलच असे नाही. काही जागांवर स्वतःची शिष्यवृत्ती आणावी लागते, हे अर्ज करण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. ब्रिटनमध्ये मूळ प्रशिक्षण आठ वर्षांचे आहे. बाहेरून आलेल्याला फेलो म्हणून काम करत, एफआरसीएस ही शल्यविशारदांची परीक्षा देत, पूर्वीच्या प्रशिक्षणाचे पुरावे जोडून पोर्टफोलिओ पाथवे या मार्गाने विशेषज्ञांच्या नोंदवहीत जाता येते. पण हे पुरावे गोळा करण्यातच काही वर्षे जातात आणि जागांसाठी चुरस अलीकडे फार वाढली आहे. आपल्या पत्नीला एमआरसीपीसीएच या ब्रिटिश बालरोग पात्रतेच्या लेखी परीक्षा भारतात राहून देता येतील, आणि खरे सांगायचे तर ब्रिटनमध्ये त्यांची वाट आपल्यापेक्षा सोपी असेल.

आता संशोधनाविषयी, कारण आपल्या पत्रात या विषयावर एकच ओळ आहे. इथे आल्यावर विषय मिळेल, या भरवशावर येऊ नका. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली शंटची (मेंदूत साचलेले पाणी बहुधा पोटात वळवणाऱ्या नळीची) चाचणी पाहा: १,६०५ रुग्ण, तीन प्रकारच्या नळ्या, आणि प्रतिजैविक लावलेल्या नळीत संसर्ग सुमारे २ टक्के, तर साध्या नळीत ६ टक्के. प्रश्न अगदी साधा होता. अवघड होते ते इतक्या केंद्रांत प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करणे. युगांडातील मुलांवर भारतीय बनावटीचा छाबडा शंट आणि कितीतरी महागडा परदेशी शंट यांची तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतरच्या निष्कर्षांत फरक आढळला नाही. असे अभ्यास गरीब देशांतील रुग्णांवाचून होऊच शकत नाहीत.

टीबी मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाच्या क्षयानंतर) हायड्रोकेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साचणे, झालेली जितकी मुले परळच्या ओपीडीत आपण वर्षभरात पाहता, तितकी इथल्या कन्सल्टंटच्या उभ्या कारकिर्दीत येत नाहीत. इथे मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील रक्तस्राव, गाठी, अपस्मार आणि कवटीचे सांधे लवकर जुळणे यांचे काम अधिक असते. म्हणून निघण्यापूर्वीच, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, टीबीच्या मुलांची नोंदवही सुरू करा: दाखल होतानाची वेल्लोर श्रेणी (आजाराची तीव्रता), डोक्याचा घेर, टाळू भरलेली आहे का, शंट बसवला की एंडोस्कोपीने (दुर्बिणीतून) पाण्याला वाट केली, पुन्हा ऑपरेशन केव्हा, आणि वर्षाने मूल बसते, चालते, बोलते का. फोन नंबर दोन घ्यावेत, एक वडिलांचा आणि एक गावाकडच्या नातेवाइकाचा, कारण मे महिन्यात कुटुंब गावी गेले की मुंबईचे सिमकार्ड बहुधा बंद झालेले असते. अशी नीट भरलेली नोंदवही हाती असेल तर टोरांटोत काय किंवा लिव्हरपूलच्या आल्डर हे रुग्णालयात काय, मुलाखतीत बोलण्याची सूत्रे आपल्याकडे असतील.

कामाच्या स्वरूपाबद्दल भ्रम नसावा. संशोधनाचा दिवस वेळापत्रकात असला तरी रात्री अडीचला उलट्या करणाऱ्या मुलासाठी फोन येतो, पोट बिघडले आहे की शंट तुंबला आहे हे ठरवायचे असते, आणि दुसऱ्या दिवशीचे लिखाण राहते. शंटचे मूल आयुष्यभर रुग्ण राहते. त्यामुळे नोकरीचे ठिकाण वारंवार बदलणाऱ्याला या शाखेत ना चांगले क्लिनिक जमते, ना दीर्घ पाठपुराव्याचा अभ्यास.

माझा सल्ला असा: बॉन्डचे (पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवेचे) वर्ष बालरुग्ण अधिक असलेल्या युनिटमध्ये मागून घ्या, त्याच वर्षात इंग्रजीची परीक्षा द्या आणि नोंदवही उभी करा, मग कॅनडा किंवा ब्रिटनमधील फेलोशिपसाठी अर्ज करा. दरम्यान लॉगबुकमध्ये प्रत्येक ऑपरेशनसमोर आपण मुख्य सर्जन होता की सहायक हे लिहून युनिटप्रमुखांची सही-शिक्का घ्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय परिषदेचे गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी निर्दोष असल्याचा दाखला) यांना वेळ लागतोच, पण ती परदेशातूनही मागवता येतात. निवृत्त होऊन गेलेल्या सरांची सही मात्र नंतर मिळवणे फार कठीण जाते.