हातचा कुठे गेला?

प्रश्न : मी नाशिकला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचे शिक्षण घेते. प्रयोगशाळेत चार जणींत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे एकच सराव-किट मिळत असल्यामुळे पंचवटीतील घरी त्याची नक्कल करणाऱ्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सिम्युलेटरवर सराव करते. ‘ए’ रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील संख्या ठेवण्याच्या जागेत) एफएफ म्हणजे २५५ भरून ‘आयएनआर ए’ ही एक मिळवण्याची आज्ञा दिली, तेव्हा उत्तर ०० आले; पण कॅरी फ्लॅग (हातचा आला की १ होणारी खूण) शून्यच राहिला आणि कॅरी १ असेल तर दुसऱ्या पत्त्यावर उडी घेणाऱ्या पुढच्या ‘जेसी’ने उडी घेतली नाही. सिम्युलेटर चुकतो आहे का? आणि एवढ्या सरावावर प्रात्यक्षिक परीक्षा देता येईल का?

उत्तर : सिम्युलेटर बरोबर आहे. आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये २५५च्या पुढे जागा नसल्याने एक मिळवताच शून्य येते. परंतु इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या या प्रोसेसरमध्ये आयएनआर आणि एक वजा करणारी डीसीआर या आज्ञांचा परिणाम बाकीच्या चार फ्लॅगवर होतो, कॅरीवर होत नाही. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. चार बाइटांच्या दोन संख्या मिळवताना आपण एकेक बाइट हातच्यासह बेरीज करणाऱ्या ‘एडीसी’ने मिळवतो आणि किती बाइट उरले हे मधल्या वेळी ‘डीसीआर’ने मोजतो; तेवढ्यात आधीच्या बेरजेचा हातचा, म्हणजेच कॅरी, जपून ठेवावा लागतो, आणि मोजणीनेच तो पुसला गेला असता तर प्रत्येक फेरीत तो वेगळा साठवावा लागला असता. तुमच्या प्रोग्रॅममध्ये आयएनआरऐवजी ‘एडीआय ०१’ ही एक मिळवणारी बेरजेची आज्ञा लिहा, कॅरी १ होईल; किंवा आयएनआर तशीच ठेवून जेसीच्या जागी उत्तर शून्य आल्यास उडी घेणारी ‘जेझेड’ वापरा.

सराव करताना सगळा प्रोग्रॅम एकदम चालवू नका. प्रत्येक आज्ञेआधी रजिस्टर, फ्लॅग आणि प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या आज्ञेचा पत्ता) यांत काय येईल ते वहीत लिहा आणि मगच ‘स्टेप’ दाबा. प्रोग्रॅम २००० या पत्त्यावर असेल, तर रजिस्टरमध्ये संख्या भरणाऱ्या दोन बाइटांच्या ‘एमव्हीआय’नंतर काउंटर २००२, एका बाइटच्या आयएनआरनंतर २००३ आणि तीन बाइटांची जेसी उडी न घेता संपली की २००६ दाखवील. वही आणि पडदा जिथे जुळत नाहीत, तिथेच थांबून कारण शोधा.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी हा सराव उपयोगी आहे, पण तेवढाच पुरेसा नाही. किटवर मात्र आज्ञांचे संकेतांक, जसे एमव्हीआय ए साठी ३ई आणि आयएनआर ए साठी ३सी, तुम्हालाच तक्त्यातून काढून कळफलकावर भरावे लागतात. सिम्युलेटर हे काम परस्पर करून टाकतो. म्हणून किटवर पाळी येण्याआधी प्रोग्रॅमचे पत्ते आणि संकेतांक घरीच हाताने लिहून न्यावेत, म्हणजे मिळालेला वेळ तक्ता चाळण्यात जाणार नाही.